न काढलेला बाण

दुसऱ्याच्या कामात चुका काढायला कुणाला शिकवावं लागत नाही, ते ज्याला त्याला उपजतच येतं. पण त्याबद्दल महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी बाई त्या चार मजली इमारतीत एकच होती, आणि तिला सगळे खोडरबर म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की खोडरबर. तिला ते चांगलं ठाऊक होतं. एकदा कुणीतरी खोडसाळपणे तिच्या टेबलावर खरंच एक खोडरबर आणून ठेवलं, तर तिने ते झिजेपर्यंत वापरलं आणि मग "आणखी आहे का हो कुणाकडे" असं विचारत अख्खा मजला फिरली. त्यानंतर तिला चिडवण्यात कुणाला मजा वाटेनाशी झाली.

कंपनी हॉस्पिटलांसाठी यंत्रं बनवायची, आणि यंत्राच्या पोटातलं सॉफ्टवेअरही तिथेच तयार व्हायचं. ते लिहायला घेण्याआधी त्याचा आराखडा काढतात. दिसायला अगदी साधा, नुसते चौकोन आणि बाण. चौकोन म्हणजे सॉफ्टवेअरचा एकेक भाग, बाण म्हणजे एका भागाने दुसऱ्याला धाडलेला निरोप. चूक आराखड्यातच सापडली तर एक बाण पुसायचा, दुसरा काढायचा आणि चहा प्यायला जायचं. तीच सगळं लिहून झाल्यावर सापडली तर महिने पाण्यात जातात. आणि यंत्र वॉर्डात पोचल्यावर सापडली तर काय जातं, ते त्या इमारतीत कुणी मोठ्याने बोलत नसे. म्हणून आराखड्यांची तपासणी व्हायची, आणि ती हिच्या हातात होती.

ती या कामात आली ती समोरच्या टेबलामुळे. तरुणपणी तीही इतरांसारखी कोड लिहायची, आणि त्यात ती बेताचीच होती हे ती स्वतःच हसत सांगायची. समोर बसणाऱ्या मैत्रिणीने एकदा आपला आराखडा टेबलावर पसरला होता. हिला तो पलीकडून उलटा दिसत होता. उलटा असल्यामुळे चौकोनांतली नावं काही वाचता येईनात, नुसते बाण तेवढे दिसत होते. हिने सहज विचारलं, "त्या कोपऱ्यातल्या चौकोनात शिरायला बाण आहे, मग बाहेर कुठून पडायचं?" मैत्रीण अर्धा तास कागदाकडे बघत राहिली. बाहेर पडायला वाटच नव्हती. त्या दिवसापासून लोक हिच्याकडे कागद घेऊन येऊ लागले, पुढे वरच्यांच्या कानावर गेलं, आणि एक दिवस तिच्या नावापुढे नवं पद लागलं. आपल्याला काय येतं हे माणसाला असं अचानक कळलं की त्यासारखं सुख नाही. त्या दिवशी ती घरी गाणं गुणगुणत गेली होती.

घरी मात्र या पदाची कुणाला मातब्बरी नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "मी तुझी चूक काढली की तू तोंड फुगवतेस, आणि तिथे त्याचेच पैसे देतात? आधी सांगायचंस, मीच अर्ज केला असता." नवरा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून क्लचवरचे चुकीचे पाय मोजायचे, हा त्याचा धंदा. तो म्हणाला, "चला, आता घरात तिघंही एकाच लाइनीत." आणि तिघंही हसत सुटली.

बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग नवे डायरेक्टर आले. माणूस वाईट नव्हता, पण घड्याळाशी लग्न लागल्यासारखा वागायचा. त्यांच्या लक्षात आलं की तपासणीच्या बैठकीत पाच जणांचा अर्धा दिवस जातो. जुनी पद्धत अशी होती की आराखडा वाचायचा खोडरबरने, आणि ज्याने तो काढला त्याने कोपऱ्यात मुकाट बसायचं. डायरेक्टरांनी ते फिरवलं. ज्याने काढला त्यानेच तो समजावून सांगावा, म्हणजे काम झटपट होईल. ते झटपट झालं, यात वाद नाही.

कारण बहुतेक आराखडे काढायचा तो आर्किटेक्ट. हुशार, सज्जन, आणि जिभेवर साखर. तो फळ्यापाशी उभा राहून बोलायला लागला की ऐकतच राहावं. आराखड्यात जिथे फट असेल तिथे त्याचं बोलणं बरोबर जाऊन बसायचं. "आणि इथून अर्थातच निरोप इकडे जातो," असं तो म्हणायचा, सगळे माना डोलवायचे, आणि तिथे बाण आहे की नाही हे बघायचं राहून जायचं. तो खोटं बोलत नव्हता. ते सगळं त्याच्या डोक्यात इतकं स्वच्छ होतं की कागदावरही आहे असंच त्याला दिसायचं. खोडरबर मधेच अडवायची, तर तो पुन्हा समजावायचा, आणि त्याचं म्हणणं पटायचंच. असे लागोपाठ तीन आराखडे निर्दोष ठरले.

डायरेक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तीन बैठका झाल्या, एक चूक नाही. आनंदाची गोष्ट आहे. पण मग ही तपासणी हवी कशाला? काचपेटीचा आराखडा तेवढा करू, तो शेवटचा. पुढे आर्किटेक्ट आणि विभागप्रमुख सही करतील, मेलवर काम होईल. तुम्हाला माहितीपुस्तिका विभागात घेतोय. पगार तोच."

पगार तोच, हे शब्द तिला सगळ्यात जास्त झोंबले. माहितीपुस्तिका विभाग म्हणजे 'यंत्र पुसण्यापूर्वी प्लग काढावा' अशी वाक्यं लिहायची जागा. तेही कुणीतरी लिहायला हवंच, पण ते तिचं काम नव्हतं. आयुष्यात एकच गोष्ट तिला इतरांपेक्षा बरी यायची, आणि तीच नको झाली होती. आणि ज्यावर हे सगळं संपणार होतं ती काचपेटी काही गंमत नव्हती. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं ज्या उबदार पेटीत ठेवतात, तिचं नवं मॉडेल होतं ते.

घरी येऊन तिने सगळी कपाटं उपसली. राग आला की ती कपाटं आवरायची, त्यामुळे घर बहुधा नीटनेटकं असायचं. सासूबाईंनी कारण विचारलं, हिने सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मग सांग की एखादी चूक. माणसाच्या हातचं काम, असणारच काहीतरी इकडचं तिकडे."

"आई, नसलेली चूक काढू?"

"मी काढत नाही का कधी कधी?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

हिला हसू आलं, आणि मग रडूही आलं. सासूबाईंनी तिच्या हातातले कपडे काढून घेतले आणि स्वतः घड्या घालायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी ती डायरेक्टरांकडे गेली. शेवटची बैठक आपल्या पद्धतीने घेऊ द्या, एवढंच मागितलं. फळा नको, भाषण नको. माणसांनी चौकोन व्हायचं. आराखड्यातल्या एकेका चौकोनाची खुर्ची मांडायची, त्यावर एकेकाने बसायचं, आणि निरोप म्हणून चेंडू फिरवायचा. जिथे बाण काढलाय तिथेच चेंडू टाकायचा, जिथे नाही तिथे टाकायचा नाही. पूर्वी अवघड आराखड्यांना ती कधीकधी हे करायची, आणि ऑफिसात या पद्धतीला सगळे भातुकली म्हणायचे. डायरेक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "शेवटची इच्छा म्हणून मान्य," ते म्हणाले. "पण मीही खेळणार."

बैठकीच्या खोलीतलं लांब टेबल भिंतीला लावलं. डायरेक्टर झाले भोंगा. त्यांना कँटीनमधून आणलेली स्टीलची थाळी आणि चमचा दिला. तयार सॉफ्टवेअर चालवून बघणारा टेस्टर हा तापमान बघणारा चौकोन, पेटीतली ऊब अडतीस अंशांच्या हद्दीला पोचली की निरोप देणारा. खिडकी, वायर, वीज, पाणी बघणाऱ्या चौकोनांवर बाकीचे बसले, आणि त्यांच्यासारखाच लिंबाएवढा रबरी चेंडू त्याच्याही हातात होता. मधला महत्त्वाचा चौकोन म्हणजे इशारा-प्रमुख. कुठूनही धोक्याचा निरोप आला की भोंग्याला वाजायला सांगायचं, हे त्याचं काम. त्याच्या दोन अवस्था होत्या, म्हणून त्याला दोन खुर्च्या दिल्या. एकीवर चिठ्ठी 'जागा', दुसरीवर 'गप्प'. नर्सने गप्प करायचं बटण दाबलं की त्याने दोन मिनिटं गप्पवर जाऊन बसायचं, वेळ संपली की पुन्हा जागावर यायचं. तिथे खोडरबरने खुद्द आर्किटेक्टला बसवलं. नर्सचं काम करायला हॉस्पिटलमधून खरी सिस्टर बोलावली होती. ती बाळांच्या वॉर्डात काम करायची आणि तिला वायफळ बोलण्याचा कंटाळा होता.

"मी काय करायचं?" सिस्टरने विचारलं.

"रोज करता तेच," खोडरबर म्हणाली. "फक्त करताना तोंडाने सांगा."

खेळ सुरू झाला. सिस्टर म्हणाली, पेटीची खिडकी उघडली. निरोप आर्किटेक्टकडे, तिथून डायरेक्टरांकडे, आणि थाळी ठणठण वाजली. सिस्टरने बटण दाबलं, आर्किटेक्ट उठून गप्पवर बसला, थाळी थांबली. मग वायर निसटली, मग वीज गेली आणि आली, मग पाण्याची टाकी रिकामी झाली. प्रत्येक वेळी चेंडू जिथे जायला हवा तिथे गेला. डायरेक्टर मनापासून थाळी बडवत होते. आपण इतकं चांगलं बडवू शकतो हे त्यांनाही नवीनच असावं. पण चूक काही सापडेना. चहा झाला. आर्किटेक्टच्या चेहऱ्यावर मंद हसू आलं, आणि डायरेक्टरांचं मनगट वळायला लागलं.

खोडरबरच्या समोर आराखडा होता. त्यात एका बाणावर नाव लिहायचं राहिलं होतं. नुसतं नाव. त्याने बाळाचं काही बिघडणार नव्हतं. पण चूक म्हणून नोंदवता आली असती, आणि 'चौथ्या आराखड्यात चूक सापडली' एवढं वाक्य वरपर्यंत गेलं असतं. सासूबाईंचं बोलणं तिच्या डोक्यात वाजलं. तिने पेन उचललं, क्षणभर धरलं, आणि समासात 'किरकोळ' असं लिहून खाली ठेवलं. एवढ्यासाठी आपण इथे बसलो असू तर माहितीपुस्तिका विभाग काय वाईट, असं तिला वाटलं.

"एकदाच अजून," ती म्हणाली. "सिस्टर, बाळाचे कपडे बदलायचे असले तर?"

सिस्टर उभी राहिली. "खिडकी उघडली." थाळी वाजली. "बटण दाबलं." आर्किटेक्ट गप्पवर बसला. "हात आत. बाहेरची थंड हवा आत गेली, म्हणून हीटर जोर लावतो. कपडे बदलले. खिडकी बंद. आता आतली ऊब वाढतीय. सदतीस. साडेसदतीस. अडतीस."

आर्किटेक्ट उठला, जागावर जाऊन बसला, डायरेक्टरांना हाताने खूण केली, आणि थाळी वाजली. सगळ्यांनी माना डोलावल्या. भोंगा वाजायला हवा होता, वाजला.

खोडरबर मात्र टेस्टरच्या हाताकडे बघत होती. चेंडू तिथेच होता.

"तुम्ही टाकला नाहीत?" तिने विचारलं.

टेस्टर गडबडला. "टाकणार होतो. पण कागदावर बघितलं तर माझा बाण जागा या खुर्चीकडे जातो. सर गप्पवर बसले होते. तिकडे माझा बाणच नाही. म्हटलं, नियम आहे."

तिने मान वळवली. "मग सर, तुम्ही का उठलात?"

"तापमान वाढलं ना," आर्किटेक्ट म्हणाला.

"ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अहो, सिस्टर म्हणाल्या, आत्ताच."

"ते तुमच्या कानांनी ऐकलं. तुमच्या चौकोनाला कुणी सांगितलं? बाण दाखवा."

आर्किटेक्ट हसत हसतच टेबलापाशी आला. बोट ठेवायला कागदावर वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्याचं बोट एका चौकोनावरून दुसऱ्यावर गेलं, परत आलं, कडेकडेने फिरलं. गप्पमधून बाहेर पडायला एकच बाण होता, 'वेळ संपली'. दुसरा काढलेलाच नव्हता. त्याचं हसू कधी मावळलं ते त्यालाही कळलं नसेल.

"पुन्हा करू," खोडरबर म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "या वेळी कागदावर आहे तेवढंच करायचं. डोक्यातलं काही करायचं नाही."

सिस्टरने पुन्हा खिडकी उघडली, बटण दाबलं, कपडे बदलले, खिडकी लावली. आर्किटेक्ट गप्पच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसला. "सदतीस," सिस्टर म्हणाली. "साडेसदतीस. अडतीस." टेस्टर चेंडू घट्ट धरून उभा. "साडेअडतीस." डायरेक्टरांचा चमचा थाळीवर अधांतरी राहिला होता.

"वाजवू?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला निरोप आलेला नाही, सर."

"पण अडतीसच्या वर गेलंय."

"ते इथे फक्त आपल्याला माहीत आहे."

"दोनच मिनिटांचा प्रश्न आहे," आर्किटेक्ट अगदी हळू आवाजात म्हणाला. "वेळ संपली की मी उठेन."

तेव्हा सिस्टर पहिल्यांदा आपणहून बोलली. "आम्ही दोन मिनिटं संपू देत नाही. हात आत असतात, शेजारचं दुसरं बाळ उठेल म्हणून बटण परत दाबतो. कोपराने. सवयच आहे." आणि तिने हवेत कोपर दाबलं. "हे बघा, परत दोन मिनिटं. एकोणचाळीस."

आर्किटेक्ट बसलेला होता. उठायची त्याची किती इच्छा होती ते त्याच्या गुडघ्यांकडे बघून कळत होतं, पण त्यानेच काढलेल्या आराखड्याने त्याला खुर्चीला जखडून टाकलं होतं. सिस्टरने आणखी एकदा कोपर दाबलं आणि पुढचा आकडा सांगायला तोंड उघडलं.

"पुरे," डायरेक्टर म्हणाले. त्यांनी थाळी खाली ठेवली, आणि ती खाली ठेवताना वाजू नये याची काळजी घेतली.

आर्किटेक्ट उठला आणि थेट फळ्याकडे गेला. मार्कर उचलून बाण काढायला लागला. खोडरबरने त्याला थांबवलं. "सर, बैठकीत दुरुस्ती नाही. आधी नोंद, दुरुस्ती उद्या शांत डोक्याने." मार्कर तसाच हातात धरून तो वळला. त्याचा चेहरा उतरला होता, पण तो खरोखरच मोठा माणूस होता हे त्याने त्या दिवशी दाखवलं. "हे माझ्या डोक्यात होतं," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "कागदावर नव्हतं. मी आज इथे उभा राहून बोललो असतो, तर तुम्हा सगळ्यांच्या डोक्यातही घातलं असतं. आणि पेटी तशीच वॉर्डात गेली असती."

खोडरबरने नोंद लिहिली. तिला खूप मोठ्याने हसावंसं वाटत होतं आणि ते बरं दिसणार नाही म्हणून ती ओठ दाबून लिहीत होती. टेस्टरला मात्र असं काही बंधन नव्हतं. त्याने चेंडू छताकडे उडवला आणि झेलला, आणि कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. डायरेक्टरांनी त्यात घड्याळ असलेला हातही वापरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला बोलावलं. माहितीपुस्तिकेचा विषय निघाला नाही. "ते आधीचे तीन आराखडे," ते म्हणाले, "ते पुन्हा बसवाल का खुर्च्यांवर?"

"बसवते. पण ज्याने काढला तो बोलणार नाही."

"नाही बोलणार. मी लेखी काढतो तसं."

त्या तीनपैकी दोन आराखड्यांत फटी निघाल्या, आणि दोन्हींत चेंडू कुणाच्यातरी हातातच अडकला. बातमी मजल्यामजल्यांवर गेली. आपला आराखडा पुढच्या आठवड्यात घ्या म्हणून लोक तिच्या दाराशी यायला लागले, त्यात सगळ्यात पुढे आर्किटेक्ट. ज्या माणसाचं बोलणं ऐकत राहावं तो आता मुकाट बसायला आपणहून येतो, याचं तिला अजून नवल वाटायचं. घरी तिने सगळं साभिनय करून दाखवलं. सिस्टर, थाळी, कोपर, सगळं. नवऱ्याने विचारलं की पगार वाढला का. वाढला नव्हता. "मग त्यांची चूक सापडली नाही अजून," सासूबाई म्हणाल्या, आणि तिघंही पुन्हा हसली.

काही महिन्यांनी नवी काचपेटी तयार झाली. एका सकाळी तळमजल्याच्या चाचणीघरात ती मांडली, पांढरीशुभ्र, आत बाळाच्या वजनाचा बाहुला. या वेळी खुर्च्या नव्हत्या, चेंडू नव्हता, थाळी नव्हती. खरं यंत्र होतं, आणि आर्किटेक्टचा बाण त्यात कुठेतरी आत, न दिसणारा. तापमानाचा धोका असेल तर बटणाचं ऐकायचंच नाही, असं आता ठरलं होतं. सिस्टरला मुद्दाम बोलावलं होतं. सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. खोडरबर सगळ्यात पुढे. कागदावर सापडलेली चूक कागदावरच दुरुस्त होते, यंत्रात झालीय की नाही हे फक्त यंत्र सांगतं.

सिस्टरने खिडकी उघडली. भोंगा ओरडला. तिने बटण दाबलं, भोंगा गप्प झाला. आतल्या बाहुल्याचे कपडे तिने सावकाश बदलले, खऱ्या बाळाचे बदलावेत तसे. खिडकी लावली. हीटर घुमायला लागला. काचेवरचा आकडा चढत गेला, सदतीस, साडेसदतीस.

अडतीसवर भोंगा फुटला. काय आवाज होता तो. कर्कश, बेसूर, कानठळ्या बसवणारा. वरच्या मजल्यांवरची माणसं जिन्यात आली. डायरेक्टरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. आर्किटेक्ट काहीतरी ओरडून सांगत होता, पण त्याचं एक अक्षर कुणाला ऐकू येत नव्हतं. खोडरबर कान उघडे टाकून तिथेच उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पोट धरून हसत होती.

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं, आणि गप्पचं बटण कोपराने दाबलं. पुन्हा दाबलं. भोंगा वाजतच राहिला.